मगगुरुजींनी मोडलेलं स्थळ

आमच्या गुरुजींना काहीही विचारा, उत्तर मिळत नसे. मिळे तो उलटा प्रश्न, आणि त्याच्या आधी एक लांबलचक "मग?" त्यामुळे सुरतेतल्या आमच्या मराठी शाळेत त्यांचं नाव मगगुरुजी पडलं. बमरोलीच्या गिरण्यांतले आमचे खानदेशी बाप म्हणत, पोरं उत्तरं शिकायला घातली, हा माणूस होती तीही काढून घेतो.

दोष अथेन्सच्या एका म्हाताऱ्याचा. सॉक्रेटिसबद्दल गुरुजी भाऊबंदासारखं बोलत. "भर चौकात शहाण्यांना धरायचा. न्याय म्हणजे काय, मैत्री म्हणजे काय? दुपारपर्यंत शहाणा गप्प. आणि गंमत म्हणजे उत्तर यालाही ठाऊक नसायचं. ग्रीक लोक त्या अडकण्याला अपोरिया म्हणत, म्हणजे पुढे वाटच नसणं." वर्गात कुणी अडलं की ते पाठ थोपटत. "अडलास? छान. आता शिकायला बसू."

माझे वडील गिरणीत मागावर कापड विणायचे. ते एकदा तक्रार घेऊन गेले, तर गुरुजी म्हणाले, "भाऊ, धागा तुटला की माग थांबवता ना? तसाच चालू ठेवला तर कापड कसलं निघेल?" वडील निरुत्तर झाले. त्याबद्दल त्यांचीही पाठ थोपटली गेली.

एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी विचारलं, "शूर कोणाला म्हणायचं?" आख्खा वर्ग छाती काढून ओरडला, "अजून ठरलं नाही, साहेब!" हे काय शिकवता म्हणून साहेब गुजरातीतून गुरुजींकडे वळले, "आ शुं भणावो छो?" गुरुजी नम्रपणे म्हणाले, "तुम्ही सांगा, मुलं लिहून घेतील." साहेब सांगू लागले. तिसऱ्या वाक्याला मागच्या बाकावरून "मग?" आलं. साहेब चहा न घेता गेले.

मी शिक्षिकेच्या कोर्सच्या शेवटच्या वर्षाला असताना मला पाहायला धुळ्याकडची मंडळी आली. स्थळ चांगलं होतं, पण सुनेला नोकरी करू द्यायची नाही असं त्यांचं आधीच ठरलेलं. मला तर शिकवायचं होतं. हे मी फक्त गुरुजींपाशी बोलले होते. वडीलधारे म्हणून वडिलांनी त्यांनाच बैठकीला बोलावलं, ही आमची चूक.

"चांगली बायको म्हणजे काय हो?" गुरुजींनी मुलाला विचारलं.

"घर सांभाळणारी."

"मग? आमचा रखवालदार आख्खी चाळ सांभाळतो."

"म्हणजे, सांगितलेलं ऐकणारी."

"आणि तुम्ही चुकीचं सांगितलंत तर?"

मुलगा आईकडे बघू लागला. आई म्हणाली, "मना पोऱ्या कधीच चुकत नही." गुरुजींना खरोखरच कुतूहल वाटलं. त्यांनी विचारलं, "मग आई, त्याला कसं कळतं, आपलं बरोबर आलं म्हणून?" पोहे तसेच राहिले आणि मंडळी उठली.

बोभाटा झाला. वर्षभर आमच्या दारात दुसरं स्थळ फिरकलं नाही. माझी आई गुरुजींना म्हणाली, "तुमना सवालमुळे मनी पोर घर बशी ऱ्हायनी." गुरुजी खाली मान घालून उभे होते. "वहिनी, मी बरोबर केलं का, मलाही कळत नाही," एवढंच म्हणाले. त्या अडकण्याचं कौतुक मात्र त्यांना करता येईना. त्यानंतर ते आमच्या गल्लीतून जायचं टाळू लागले.

मी शिक्षिका झाले. पुढच्या स्थळाच्या वेळी वडिलांनी गुरुजींना बोलावलं नाही, म्हणून चांगल्या बायकोचा तो प्रश्न मीच विचारला. तो मुलगा इतका वेळ विचार करत बसला की चहावर साय धरली. मग म्हणाला, "सांगता येत नाही. चांगला नवरा कसा असतो, तेच अजून नीट कळलं नाही." मी त्याच्याशी लग्न केलं.

गुरुजी निवृत्त होऊन गावी निघाले, तेव्हा आम्ही दोघं त्यांना एसटीवर सोडायला गेलो. माझे यजमान ट्रंक टपावर चढवायला गेले तसे गुरुजी माझ्याजवळ आले. आयुष्यभर लोकांना अडवणारा हा माणूस त्या क्षणी घाबरलेला होता, आणि मला त्यांची फार माया आली.

"पोरी," त्यांनी हळूच विचारलं, "सुखात आहेस ना?"

उत्तरासाठी त्यांचा जीव टांगणीला लागला होता. मी त्यांना जराही ताटकळत ठेवलं नाही. "हो, गुरुजी," म्हणाले, आणि पाया पडले.