चिऊ शाळेत जायची तेव्हा

माझी आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात वायरी. सगळं गाव तिच्या हातातून बोलायचं. घरी मात्र तिची एकुलती एक चिऊ एक शब्दही बोलत नसे. नुसती मान धरायलाच चिऊला चार वर्षं लागली. भरवणं, अंघोळ, कपडे, सगळं आत्याच करायची.

चिऊला सातवं लागलं, तशी आत्या तिला कडेवर घेऊन जवळच्या शाळेत गेली. मुख्याध्यापिका वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "अहो, ही शिकणार काय?"

"ते शिकवल्यावर कळेल ना, बाई!"

बाईंनी वरच्या साहेबांकडे बोट दाखवलं. साहेब कधी दौऱ्यावर, कधी मीटिंगमध्ये. दोन वर्षं अशीच गेली. मग एका दुपारी बोर्डावर त्यांचाच आवाज आला. बाहेरगावचा नंबर हवा होता.

"जोडते, साहेब. तोवर एक विचारू? 'शिक्षण सगळ्या मुलांसाठी' असं तुमच्याच ऑफिसच्या भिंतीवर लिहिलंय. त्या सगळ्यांत माझी मुलगी बसते की नाही?"

मग साहेब म्हणाले, "उद्या या."

"कॉल जोडून दिला गं," आत्या मला सांगायची, "म्हटलं, गेली नोकरी!"

नोकरी राहिली. चिऊला वर्ग मिळाला: जिन्याखालची खोली, एक सतरंजी आणि एक तरुण बाई. त्या बाईंनी वर्षभर एकच धडा घेतला. नको असेल तर हाताने बाजूला सारायचं.

मी तेव्हा आत्याकडेच राहायचे. एका सकाळी आत्याने दुधाचा पेला पुढे केला आणि चिऊने तो सारला. परत केला, परत सारला. आत्याने पेला खाली ठेवला.

"अगं बाई! इतकी वर्षं पाजतेय, आणि हिला आवडतच नाही की!"

हसता हसता तिचे डोळे भरून आले. पुढे चिऊने लोकरी टोपी नाकारली, आणि माझं गाणंही.

अक्षर तिला कधीच आलं नाही. पण तिच्यामागून आणखी मुलं आली, आणि वर्ग मैदानाकडच्या मोठ्या खोलीत गेला. अठराव्या वर्षी शाळा संपली. पुढे तिच्यासाठी काहीच नव्हतं. त्यासाठी आत्या शेवटपर्यंत भांडत राहिली.

आज दोघीही नाहीत. मला आठवतात त्या सकाळी. आत्या दातांत पिना धरून चिऊच्या वेण्या घालतेय, आणि खाली शाळेच्या रिक्षाचा हॉर्न वाजला की चिऊ सगळं अंग हलवून हसतेय.