मिलिंदची टाच

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? कारण— कारण वगैरे काही नाही. सांगतोय, बस.

मी नांदेड जिल्ह्याचा शंभर मीटरचा चॅम्पियन. लोह्याच्या बाजारात अनोळखी माणूसही पाठीवर थाप मारायचा. त्या पळण्यावरच चाकूरजवळच्या एका शाळेत खेळाच्या मास्तरची नोकरी लागली. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झालेला, आणि गावात टँकरशिवाय पाण्याचा थेंब नव्हता. माझी घमेंड मात्र तुडुंब होती.

मिलिंद बौद्ध वस्तीतला, नववीतला. अनवाणी पळायचा. हा सरांना मागं टाकील, असं पोरं कुजबुजायची आणि माझा जळफळाट व्हायचा. शेवटी मीच त्याला सगळ्या शाळेसमोर शर्यतीला बोलावलं.

शर्यत सुटताना पाय रोवायला आम्ही तेव्हा खुरप्यानं खड्डे करायचो. त्या साली खुरपं मातीत शिरेना. मिलिंद टँकरवरून घागर भरून आला होता. म्हटलं, ओत इथं.

“सर, प्यायचं पाणी हाय. मातीत कसं वतू?”

पोरं हसली. त्याचं बरोबर होतं— तेच झोंबलं. मी घागर हिसकावली, निम्मी ओतली आणि फक्त माझे खड्डे खणले.

तो तसाच, टणक जमिनीवर उभा राहिला. आणि त्यानं मला हरवलं. स्वच्छ हरवलं. रेघ ओलांडून तो थांबला, पाठमोरा. मला थांबता आलं नसतं का? आलं असतं. पळण्यात हयात गेली, एवढं मला कळत नाही? मी खिळ्यांच्या बुटातला पाय उचलला आणि सगळा जोर लावून त्याच्या टाचेवर हाणला. शीर तुटली— माझ्या पायाला कळलं. तो कोसळला, किंचाळला, तरी मी पाय काढला नाही. आणखी दाबला. मला बरं वाटलं.

मग मीच ओरडलो, “माझ्या लाईनीत का घुसलास?” धुरळ्यात कुणाला नीट दिसलं नव्हतं. सगळ्यांनी मानलं.

त्याचे वडील दुष्काळी कामावर खडी फोडायचे. ते दवाखान्यात धावत आले आणि पट्टी बांधलेल्या पोराच्या कानफटात दिली. “सराच्या मधी कामून गेलास रं?” पुन्हा दिली. माझ्यापुढे हात जोडले. मिलिंद खरं बोलला असता तर कुणी ऐकलं असतं?

मी वडिलांचा हात धरला. म्हणालो, “जाऊ द्या. मी त्याला माफ केलंय.”

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर हेडमास्तरांनी माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि मी त्या मान खाली घालून घेतल्या. लाज? नाही, तेव्हा नाही वाटली.

मिलिंद जन्माचा लंगडा झाला. मी रिटायर होईपर्यंत पोरांना पळायला शिकवत राहिलो.