जिभाऊंचं ऑर्किड

आमचे जिभाऊ कुणाला पाणी विचारत नसत, पाजतच. जिभाऊ म्हणजे माझे थोरले काका, कळसाडीचे ऊस-बागायतदार. दारात पोस्टमन आला तरी आधी तांब्या, मग टपाल. "पानीले कधी नही म्हनू नये," एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान.

अशा माणसाच्या घरात ऑर्किड आलं. माझ्या चुलतभावाने, नीलेशने, सुरतेला नोकरीत असताना आसामच्या जूरीशी लग्न केलं. तिची आई या लग्नावर रुसलेली. तरी निघताना तिने अंगणातलं एक ऑर्किड लेकीच्या हाती दिलं. सुरतेच्या फ्लॅटमध्ये ते रमेना, म्हणून जूरीने ते कळसाडीच्या पडवीत आणून टांगलं.

कुंडीत माती नाहीच, नुसता कोळसा आणि विटांचे तुकडे, हे पाहून जिभाऊंचा जीव कळवळला. सुनेच्या माहेरच्या झाडाची ही आबाळ! ती सुरतेला परतताच त्यांनी ते उसाच्या रानातल्या काळ्या मातीत शेणखत घालून लावलं आणि सकाळ-संध्याकाळ पाणी सुरू केलं. पानं पिवळी पडू लागली, तेव्हा दुपारचंही वाढवलं.

पुढच्या खेपेला जूरीने झाड उपसून पाहिलं. मुळं तपकिरी, लिबलिबीत, वर कुजका वास. ती रागावली नाही, पण तिचे डोळे भरून आले आणि तेच जिभाऊंना लागलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. तिने कात्री तापवून सडकी मुळं छाटली, कापल्या जागी हळद लावली आणि झाड सावलीत सुकत ठेवलं. जेमतेम दोन मुळं शाबूत होती.

"बाबा, याची मुळं हवा पितात," ती म्हणाली.

"हवा पिस? हाई झाड शे का जोगी शे?"

रडता रडता ती हसली.

मग मात्र जिभाऊ हट्टाला पेटले. कुंभाराकडून चहूबाजूंनी भोकं पाडलेली कुंडी करवून आणली आणि पडवीच्या खांबाला टांगली. पाणी फक्त सकाळी, तेही बोट घालून आतला कोळसा कोरडा लागला तरच. दिलेलं पाणी पुरतं निथळेपर्यंत ते समोर बसून राहत. उन्हाळ्यात भोवती ओलं गोणपाट बांधत, पावसाळ्यात पागोळ्यांपुढे आडोसा लावत. हात फारच शिवशिवले तर कढीपत्त्याला पाणी घालत. तो बिचारा त्या काळात छपराला टेकला. काकू थट्टा करायची, की माझी नाडी कधी इतक्यांदा बघितली नाही. जिभाऊ गंभीरपणे सांगत, "जीव लावनं येगळं, पानी घालनं येगळं."

दोन-तीन वर्षांनी चैत्रात गुलाबी तुरा लोंबला. जूरीकडे ही फुलं सणाला केसांत माळतात, पण हा तुरा खुडायचा तिला धीर होईना. जिभाऊंनीच तो खुडून तिच्या हातात ठेवला. "मायेरनं फूल शे माय, डोकामा लाव."

तिने तो माळून आईला व्हिडिओ कॉल लावला. आईने तो तुरा पाहिला आणि जिभाऊंना हात जोडले. विहीणबाईंना फोनमधून पाणी पाजता येत नाही, एवढीच जिभाऊंना हळहळ.

गेल्या हिवाळ्यात जिभाऊ गेले. दिवसकार्य आटोपल्यावर जूरी कुंडी सुरतेला न्यायला निघाली. मीही मदतीला होतो. कुंडीच्या भोकांतून निघालेली जाड, पांढरी मुळं पडवीच्या सागवानी खांबाला घट्ट धरून बसली होती. ओढली असती तर तुटली असती.

जूरीने हात मागे घेतला.

"राहू द्या, भावजी," ती म्हणाली. "माहेर इथंच असू दे."