अप्पांचं लॉगिन

एंटर दाबण्याआधी नागनाथअप्पा दोन्ही हात मांडीवर ठेवायचे. लिहिलेली कमांड आणि ती ज्या सर्व्हरवर चालणार त्याचं नाव ओठ हलवत वाचायचे, मगच बोट उचलायचे. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, यांना इंग्रजी वाचायला वेळ लागतो. इतकी मी शहाणी होते.

अप्पा उदगीरचे. कपाळाला विभूती, खिशाला दोन पेनं. आमच्या लातूरच्या रक्त तपासणी लॅबचं सगळं काम एका लिनक्स सर्व्हरवर चालायचं. तो सर्व्हर नांदेडच्या शाखेत होता आणि अप्पा लातुरात बसून त्याची देखभाल करायचे. त्यांच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते. पुढे तो सर्व्हर मला एकटीलाच सांभाळायचा होता. अप्पा वयानं माझ्या दुप्पट, तरी मला ताई म्हणायचे. बॅकअप घेतला असं मी सांगितलं की विचारायचे, "परत लावून बघितला का? न्हाई ना? मग घेतलाच न्हाई म्हणा."

एका दुपारी अप्पा जेवायला गेले असताना मी लातुरातूनच सर्व्हरची फायरवॉल कडक करायला घेतली. बाहेरच्या कुणालाही आत येऊ द्यायचं नाही, असा नियम लावला. त्या 'कुणालाही'मध्ये मीही आले. माझी जोडणी तुटली, आणि औसा, रेणापूर, सगळ्या केंद्रांचे रिपोर्ट अडकले. नांदेडला सर्व्हरसमोर बसून हे निस्तरेल असं कुणी नव्हतं. अप्पा आले, त्यांनी ऐकून घेतलं. तातडीचे रिपोर्ट हातानं लिहून द्या, असे फोन त्यांनी केंद्रांना केले आणि मला घेऊन नांदेडची एसटी पकडली.

बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. अहमदपूर गेल्यावर ते बोलले.

"मी बी दोनदा असाच गेलो हाय, ह्याच रस्त्यानं. तवापासून नियम बदलायच्या आधी सर्व्हरलाच सांगून ठेवतो, धा मिनिटांत मी थांबवलं न्हाई तर जुना नियम परत लाव. आपण चुकणार हे धरूनच चालावं, ताई. लई हुशार माणसाला हे काम जमत न्हाई."

नांदेडला पोचल्यावर त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः मागं उभे राहिले. दुरुस्ती मीच केली.

निवृत्तीच्या दिवशी हारतुरे, पेढे झाले. मग अप्पा माझ्या टेबलाशी आले आणि 'माझं लॉगिन बंद करा' म्हणाले. मी म्हटलं, राहू द्या ना, कधी अडलं तर? ते पहिल्यांदाच माझ्यावर चिडले.

"अडलं तर फोन करा, सांगतो. पण गेलेल्या माणसाचा रस्ता चालू ठेवायचा न्हाई. मग तो मी का असंना."

मी लॉगिन बंद केलं. अप्पांनी आपल्या लॅपटॉपवरून आत शिरून पाहिलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. त्यांनीच उभ्या केलेल्या सर्व्हरनं तिन्ही वेळा त्यांना नकार दिला. मला फार वाईट वाटलं. ज्यानं शिकवलं त्याच माणसाला मी बाहेर काढलं होतं.

"बराबर हाय," ते म्हणाले. चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, "ताई, आता आत तुम्ही एकट्याच."