पाचही कपांत

माझं नाक चांगलं आहे असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचो, पण मनातल्या मनात.

कार्ल्सरूहेला येऊन मला सतरा वर्षं झाली. आठवडाभर पंपांची ड्रॉइंग्ज, आणि शनिवारी सकाळी एका लहानशा कॉफी भाजणाऱ्याच्या मागच्या खोलीत चाखणी. एका कॉफीचे पाच कप. तळाला जाडसर पूड, वर उकळतं पाणी. चार मिनिटांत सायीसारखा थर धरतो. एकाने चमच्याने तो थर मोडायचा, नाक अगदी कपात घालून. मग बाकीचे चमचा चमचा सुर्रकन ओढतात आणि थुंकतात. तेवढा वेळ कुणी बोलत नाही. नुसते ओढण्याचे आवाज. थर मोडायचा मान बहुतेक वेळा माझा. अत्तर लावून यायचं नाही, वासाच्या साबणाने हातसुद्धा धुवायचे नाहीत, हा तिथला नियम. तो मी काटेकोर पाळायचो.

त्या ऑक्टोबरात सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. शनिवारी एकादशी आली. त्यांचं मनगट दुखत होतं म्हणून उपासाच्या किसाचे बटाटे मी किसायला घेतले.

"जावईबापू, जाड किसा हो. बारीक किसलात तर लापशी होते त्याची."

"अहो आई, इंजिनियर आहे मी."

"म्हणूनच सांगतेय."

मुलगी हसली आणि जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटली. मी हात नुसत्या पाण्याने धुतले, कारण चाखणी होती, आणि ट्राम गाठली. बाहेर एवढं धुकं होतं की ट्राम आधी ऐकू आली, मग दिसली.

त्या दिवशी टेबलावर बुरुंडीची कॉफी होती. नकाशावर बोट फिरवून शोधावा लागतो असा, कुठूनही समुद्र न लागणारा छोटा देश. कॉफी घेऊन आली होती तिथलीच एक बाई. आमच्याच गावात आल्टनहाइममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, नर्स होती. तिच्या आईची झाडं एका टेकडीवर. आजवर आईचा माल सगळ्या टेकड्यांच्या ढिगात मिसळून जायचा. या वर्षी पहिल्यांदा आईने लालभडक फळं तेवढी वेगळी वेचली, वेगळी वाळवली. भाजणाऱ्याला आवडली तर पिशवीवर त्या टेकडीचं नाव लागणार होतं, आणि तो दरवर्षी तिथूनच घेणार होता.

त्या भागातल्या कॉफीला एक खोड असते. एखादा दाणा आतून बिघडतो, बाहेरून दिसत नाही, आणि तो ज्या कपात पडेल त्या कपाला कच्च्या बटाट्याचा वास येतो. शेजारचा कप निर्मळ असतो. असा वास निघाला तर नवखा माल कुणी घेत नाही.

चमचा तिनेच माझ्या हातात दिला. मी पहिल्या कपावर वाकलो, थर मोडला. कच्चा बटाटा. दुसरा. बटाटा. तिसरा, चौथा, पाचवा.

पाचही कपांना तो वास कधीच येत नाही. हे मला माहीत होतं. मान वर केली तेव्हा अंगावर काटा उभा होता. वास वाफेतून येत नव्हता. तो वाफेच्या अलीकडे होता, कुणीतरी माझ्या नाकाशी चेहरा आणून उभं राहावं तसा.

"काय?" भाजणाऱ्याने विचारलं.

"बटाटा."

"किती कपांत?"

आता जे लिहितो ते मी बायकोलाही बरेच दिवस सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "तिसऱ्या आणि पाचव्या." पाचही म्हणालो असतो तर माझ्या नाकावर कुणी विश्वास ठेवला नसता, आणि त्या खोलीत नाकाशिवाय माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

एकेक जण पुढे झाला. सुर्र. थुंकी. "गेनाऊ," म्हणजे बरोबर, एकजण म्हणाला. "तिसरा. हो, हो, अगदी बटाटा." दुसऱ्याने पाचव्याला नाक मुरडलं. चौथा कप मात्र सगळ्यांना स्वच्छ लागला. वास मी कपांना वाटून दिला होता, आणि जिथे ठेवला तिथेच तो त्यांना सापडत होता. मला त्यांची भीती वाटली.

ती बाई शेवटी आली. पाचही कप हुंगले. माझ्या हातातून चमचा परत घेतला, क्षणभर तसाच धरला.

"मला येत नाही," ती म्हणाली.

"तुम्हाला सवय झाली असेल," कुणीतरी म्हणालं. चेष्टेनेच.

माल नाकारून भाजणाऱ्याने उरलेले दाणे बरणीत घालून मला दिले. म्हणाला, शिकाऊ लोकांना वास ओळखायला उपयोगी पडतील.

पंधरा दिवसांनी पुन्हा एकादशी. मी पुन्हा किसणी घेतली, आणि मधेच नाक खाजवायला हात वर नेला. हाताला तोच वास.

"काय हो? बोट कापलं का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो, आणि किसत राहिलो. त्याच दिवशी जाऊन सांगता आलं असतं. नाही गेलो.

रात्र पडायच्या आत मी हात साबणाने धुतले, लिंबाने चोळले, आणि बरणीतली कॉफी केली. बायको म्हणाली, "अरे, संत्र्यासारखी लागते." मुलगी म्हणाली, "फिर्सिश," म्हणजे पीच. मला बटाटा.

मग तो ऑफिसच्या मशीनच्या कॉफीत आला. मग साध्या पाण्यात. बरणी मी केलरमध्ये, तळघरात ठेवून आलो, तर एका सकाळी सायकल काढायला जिना उतरताना दार उघडायच्या आधीच वास आला. ट्राममध्ये मी दांडा धरला की शेजारचा माणूस सरकून उभा राहतो असं वाटायला लागलं. सरकत असेल गर्दीमुळे. शनिवारचं जाणं मी बंद केलं. पाठ दुखते म्हणून कळवलं.

डिसेंबरात सासूबाई परत निघाल्या. बॅगेला कुलूप घालताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दोन महिने बघतेय. सारखे आपले हात हुंगता. कुणाचं काय केलंत?"

मी त्यांना सगळं सांगितलं. बायको दारात उभी होती, तिनेही ऐकलं. सासूबाईंनी किल्ली पर्समध्ये टाकली. "माझ्या उपासापायी," एवढंच म्हणाल्या.

त्यांना विमानतळावर सोडून मी सरळ भाजणाऱ्याकडे गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं तर. तिच्याकडून नवीन नमुना आण. मी स्वतः चाखतो."

दुपारी आल्टनहाइमच्या फाटकाशी ती भेटली, निळ्या गणवेशावर जाड कोट घातलेली. मी जर्मनमध्ये सगळं सांगितलं: बटाटे, एकादशी, साबण, पाच कप, आणि तिसरा व पाचवा. नमुन्याचंही सांगितलं.

"नमुना नाही," ती म्हणाली. "आईने सगळं ढिगात घातलं. वेगळं वेचताना कंबर मोडते तिची. पुढच्या वर्षीपासून नाही वेचणार म्हणाली. मीही आग्रह नाही केला."

मी काही बोलणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "चमच्याच्या दांड्याला वास होता. मला तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"चौघे जण गेनाऊ म्हणाले होते. माझं कोण ऐकणार? मला वाटलं, तुम्ही सांगाल. नोव्हेंबरात एका शनिवारी मी आले होते. त्याच्या पुढच्यालाही. तुम्ही येईनात."

मला काय झालं कोण जाणे, मी उजवा हात तिच्यापुढे धरला. "अजून येतो का?" मी विचारलं. "मला येतो. घरात कुणालाच येत नाही."

तिने हात धरला आणि कपावर वाकावं तशी वाकली. तिचा श्वास तळव्याला लागला. बराच वेळ ती तशीच होती.

मान वर केली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. म्हाताऱ्यांच्या हातात गोळी ठेवून मिटवतात तशी तिने माझी बोटं एकेक करून मिटवली, आणि शिफ्ट सुरू होतेय म्हणून आत निघून गेली.