शटरच्या पाइपवरचा पडदा

“पोरानं डोकं लावलंय की,” थोरले काका वर बघत म्हणाले, आणि मी चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यातच थांबले.

पोर म्हणजे त्यांचा मुलगा, माझा चुलत भाऊ. तो वारणानगरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. काका बघत होते तो आमच्या अंगणातला सिनेमाचा पडदा. पोर्चच्या स्लॅबखाली लांबट पत्र्याच्या पेटीत तो गुंडाळलेला असायचा. दोरी ओढली की खाली यायचा, हुकातून सोडला की परत पेटीत जायचा. मे महिन्याच्या सुट्टीत त्यावर पहिला सिनेमा बघायला कोडोलीहून दोन जीप भरून घरची माणसं आली होती. ऊन अजून कंपाउंडच्या भिंतीवर होतं.

तो पडदा मी केला होता.

उद्यमनगरात बाबांचा लेथचा कारखाना आहे. तिथल्या भंगारात एका जुन्या दुकानाच्या शटरचा पाइप पडला होता, आतल्या स्प्रिंगसकट. तो बघूनच मला हे सुचलं. कापड म्हणून मी कुणाच्या तरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स आणला. त्याची मागची बाजू पांढरी होती, पण संध्याकाळच्या उजेडात त्या साहेबांचा चेहरा आरपार दिसायचा. मी चेहऱ्यावर काळा ऑइलपेंट मारला. दोनदा गुंडाळल्यावर रंगाचे पापुद्रे निघाले. मग छत्रीचं काळं कापड आणून शिंप्याकडून मागे शिवून घेतलं. स्प्रिंगला आधी नऊ वेढे दिले तर पडदा अर्ध्यातच लोंबत राहिला. चौदा दिले तर असा उसळला, की पेटीचा पत्रा वाकला. अकरावर जमलं. या सगळ्यात सव्वा महिना गेला. चुलत भाऊ एका रविवारी आला होता, तेव्हा त्यानं शिडी धरली होती.

कारखान्यात मी रोज जायची, पण तिथल्या कामगारांशीही जेमतेम दोन वाक्यं बोलायची. शाळा इंग्लिश मीडियमची, कॉलेज कॉमर्सचं. कोडोलीत मी तोंड उघडलं की चुलत्या हसायच्या, “आली बगा मॅडम.” त्यामुळे पाहुण्यांत मी ट्रे फिरवायची आणि ऐकायची. ऐकायची सवय झाली की लोक आपल्यासमोर काहीही बोलतात.

“किती वेढं दिलास रं स्प्रिंगला?” काकांनी मुलाला विचारलं. ते स्वतः ट्रॅक्टर उघडून जोडणारे. प्रश्न नेमका होता.

भावानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या हातात कप देत हळूच म्हणाले, “अकरा.”

“अकरा,” तो मोठ्यानं म्हणाला.

मागे काळं कापड का, हेही त्यानं माझ्याकडून असंच घेतलं आणि पुढे दिलं. तो खोटं बोलला असं म्हणता येणार नाही. मी केलं, असं तो एकदाही म्हणाला नाही. बाकीचे म्हणत होते आणि तो तिथे उभा होता. मला त्याचा राग आलाच, पण त्याहून जास्त आला तो उत्तरं पुरवणाऱ्या माझ्या जिभेचा.

आणि बाबांचा. पाइप ज्यांत फिरतो ते दोन्ही टोकांचे बुश त्यांनी माझ्या वहीतल्या मापावरून कातून दिले होते. पेटी वाकली तेव्हा, पोरी, आता सोड नाद, असं म्हणणारेही तेच. आता ते खुर्चीत बसून चहा फुंकत होते, थोरल्या भावासमोर बसतात तसे, गुडघे जुळवून.

आमच्याकडे घर बांधून झालं, विहिरीवर मोटर बसली, की कारागिराला टॉवेल-टोपी आणि नारळ देतात. गवंडी असो, सुतार असो, त्याला पाटावर बसवून, चारचौघांत. काकांनी ते येतानाच आणलं होतं. भावाला पाटावर बसवलं. मला आतून कुंकवाचा करंडा आणायला सांगितलं, आणि मी तो आणला. आजही हे लिहिताना कान गरम होतात.

काकांनी टोपी उचलली तेव्हा बाबा एकदाचे बोलले. बोलले म्हणजे पुटपुटले, की दादा, यात आमच्या पोरीनंबी बरंच केलंय.

बरंच. सव्वा महिन्याला हा शब्द.

काका हसून माझ्याकडे वळले. “व्हय गं? मग तिलाबी काय तरी द्या की.” आणि थोरल्या काकूंनी लगेच पिशवीतून एक ब्लाउजपीस काढला, पोपटी रंगाचा. त्या मनानं चांगल्या होत्या. मला जवळ बोलावून म्हणाल्या, “ये बाळा, कुकू लावते. भावाला मदत केलीस, शाणी हायस.”

पुढे अनेकांनी मला समजावलं की एवढं काय त्यात, मान तर दिला ना. पण तो ब्लाउजपीस घरी येणाऱ्या प्रत्येक बाईला मिळायचा. बसून चहा पिऊन जाणारीलाही. त्यासाठी काही करावं लागायचं नाही. टोपी मिळायला मात्र काम करावं लागतं, आणि ते काम मी केलं होतं.

मी करंडा खाली ठेवला. काकूंचं कुंकवाचं बोट तसंच हवेत राहिलं. मी काकांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिले. तशी मी कधी उभी राहत नसे. भाऊ पाटावरून अर्धवट उठला. बाबांनी कप खाली ठेवला. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बराच मोठा निघाला.

“काका, ब्लाउजपीस नको. पडदा मी केलाय. यानं फक्त शिडी धरली होती. टॉवेल-टोपी मला द्या.”