त्राटिकेचा मुखवटा आणि मी वाचलेला कागद

दादा गेला तो मंगळवार होता. तो जामसरहून मोखाड्याला चालत गेला, तिथून इगतपुरीला, तिथून रेल्वेने मुंबईला आणि मुंबईहून जहाजाने इराकातल्या बसऱ्याला. तो परत आला नाही.

या पुस्तकातले बाकीचे लेख युद्धावर, समाजावर आणि कादंबरी कशी लिहावी यावर आहेत. ते लिहिताना मी फारसा अडलो नाही. हा लेख सर्वांत शेवटी लिहिला आणि याला फार वेळ लागला. जे गावी राहिले आणि जे माझ्यासारखे निघून आले, त्या दोघांनी तो आधी वाचावा, म्हणून पहिला ठेवला आहे.

आमचे जामसर जव्हार संस्थानात आणि मोखाडा इंग्रजांच्या मुलखात. इंग्रजांची जर्मन-तुर्कांशी लढाई चालू होती, तेव्हा पलटणीच्या भरतीचा छापील कागद मोखाड्याच्या बाजाराहून कोणीतरी आणला. पाड्यात वाचता येणारा मी एकटाच, जव्हारच्या शाळेत शिकलेला. बा म्हणाला, "वाच रं, समद्यांना ऐकू येल असं वाच." सगळे ओट्यासमोर बसले. मी वाचू लागलो. घरात बोलण्याची भाषा वेगळी आणि कागदाची मराठी जड, म्हणून मी ती सोपी करून सांगत होतो. निदान तसे मला वाटत होते.

कागदावर होते : लढाई संपेपर्यंत नोकरी, आणि हुकूम होईल तिथे जावे लागेल. ते सांगताच समोरचे चेहरे उतरले. वाचणाऱ्याला हे लगेच दिसते. मला ते सहन झाले नाही. मी शिकलेला म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. दादाने विचारले, "किती दिस, मास्तर?" मी कागदाकडे पाहूनच म्हणालो, "एक वरीस." मग मला थांबता येईना. लढाई दूर, काम फक्त खेचरांना चारापाणी करण्याचे, आणि वर्षाने सरकार स्वतः घरी पोचवणार, असेही मी वाचले. यातले काहीच कागदावर नव्हते. चेहरे पुन्हा उजळले. पुढे मी कादंबऱ्या लिहिल्या, पण ऐकणारे तसे ऐकताना पुन्हा कधी पाहिले नाहीत.

दादाला रेल्वेत बसायचे होते. "फुकट बसवतात का रं?" त्याने विचारले. तेवढे मात्र कागदावर खरेच होते.

निघताना त्याने भिंतीवरचा मुखवटा काढला, धोतराच्या टोकाने पुसला आणि परत टांगला. आमच्याकडे दरवर्षी बोहाड्याच्या उत्सवात मुखवटे घालून देवांची आणि राक्षसांची सोंगे नाचवतात. ज्या घराचा मान, त्या घराने ते सोंग नाचवायचे. आमचा मान त्राटिकेचा. मुखवटा सावरीच्या लाकडाचा, लाल, जीभ बाहेर. दादा वहिनीला म्हणाला, "औंदा तूच नाच. तुला मुखवटा लागायचा नाय." वहिनी म्हणाली, "जा आता. मोखाड्याला पोचायच्या आधीच दमशील." लहानगी सोनी तिच्या कडेवर होती. वहिनी हसत होती, कारण एक वर्षाचाच प्रश्न होता.

वर्ष झाले. दुसरेही झाले. बोहाडा आला की पंच ओट्यावर येत. आमच्याकडे थोरला भाऊ वारला की सोंग धाकट्याकडे जाते. "मास्तर, आता तू घाल," ते म्हणत. मुखवटा माझ्या तोंडावर चढला की दादा मेला, हे सगळ्यांना समजत होते. वहिनी दारात उभी राहून म्हणे, "कागदावर लिवलंय तो येल म्हणून. भाऊजींनी वाचलंय. कागद काय खोटं बोलतो?" सगळे माझ्याकडे बघत. मी मान खाली घालत असे.

लढाई संपली. दादाच्या पलटणीतला मोखाड्याचा एक माणूस परत आला. त्याने सांगितले की दादा बसऱ्याला तापाने गेला, माती द्यायला तो स्वतः होता. वहिनीने त्याला पाणीसुद्धा विचारले नाही. "तू कागदापेक्षा शहाणा?" म्हणाली. तो बिचारा माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. त्याच आठवड्यात मी मुंबईला निघालो. शिकायला जातो असे सांगितले. आई म्हणाली, "तू तरी पत्र टाकत जा." खरे कारण एवढेच होते की वहिनीसमोर जेवायला बसण्याची मला भीती वाटू लागली होती.

गिरगावातल्या एका छापखान्यात मला प्रुफे तपासण्याचे काम मिळाले. कागदावर आहे तेच आणि तेवढेच वाचायचे, हे मी तिथे शिकलो. उशिरा शिकलो. माझ्या तीन कादंबऱ्यांत लढाईवर गेलेला प्रत्येक माणूस घरी येतो. एका टीकाकाराने याला भित्रेपणा म्हटले. त्याचे म्हणणे बरोबर आहे. आजही खिळे जुळवणारा कंपोझिटर एखादे पान मोठ्याने वाचून दाखवू लागला की मी ते त्याच्या हातातून काढून घेतो.

गेल्या वर्षी गावी गेलो होतो. सोनी आता शाळेत शिकलेली, चांगली मोठी मुलगी आहे. ती वहिनीला वर्तमानपत्र वाचून दाखवत होती. मध्येच अडली आणि म्हणाली, "आये, ह्ये मला नाय समजत." वहिनी म्हणाली, "राहू दे. पुढचं वाच." मी बाहेर जाऊन उभा राहिलो. सोनीचे एवढे साधे वाक्य मला त्या दिवशी ओट्यावर सुचले नव्हते. पुढे इतक्या वर्षांतही नाही.

भरतीचा तो कागद मी ट्रंकेत जपून ठेवला होता. तो या पुस्तकाच्या पहिल्या प्रतीत घालून सोनीला पाठवत आहे. ती तिच्या आईला तो कागद आणि हा लेख दोन्ही वाचून दाखवेल, आणि पदरचे काही घालणार नाही. त्यानंतर वहिनी काय म्हणेल याचा विचार रोज मनात येतो आणि तिथेच थांबतो. जामसरला माझे घर आहे. पुढच्या बोहाड्याला त्या दारात कोणी मला ये म्हणेल की नाही, मला माहीत नाही.

मुखवटा अजून भिंतीवर आहे. वहिनीच्या हातांत बांगड्या आहेत.